मावशीची मगर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मला एक छोटं अनुदान मिळालं. मगरींवर काम करणारी एक संस्था विद्यार्थ्यांना संशोधनासाठी अशी मदत देते, हे आमच्या सरांना ठाऊक होतं. त्यांनी अर्ज करायला लावला आणि पूर्णा नदीतल्या मगरींचा माझा विषय मंजूर झाला. ईमेल आली तेव्हा बाबा जेवत होते. ते एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, “मगरी पाह्याचे पैसे? कोन देते असे?”

मी खूप समजावलं. त्यांना पटलं नाही, पण नांदुऱ्याहून नदीकाठच्या गावांना कोणती गाडी किती वाजता जाते, ते त्यांनीच एका कागदावर लिहून दिलं.

अनुदानातून मी एक जुनी दुर्बीण घेतली आणि प्रश्नावलीच्या प्रती काढल्या. मगर कुठे दिसते, कोणत्या महिन्यात, किती मोठी, असे प्रश्न. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात, म्हणून दिवाळीनंतर काम सुरू केलं. तिसऱ्या की चौथ्या गावात नदीकडच्या शेवटच्या घरासमोर एक बाई तूर वाळत घालत होत्या. पन्नाशीच्या असतील. मी मावशी म्हणून हाक मारली, ओट्यावर बसले, अनुदानाचं सांगितलं आणि एकेक प्रश्न विचारू लागले. त्या काम न थांबवता उत्तरं देत होत्या.

“मगरीमुळे कधी नुकसान झालं का? हो किंवा नाही सांगा.”

त्या थांबल्या. डाव्या हाताने त्यांनी खांद्यावरचा पदर बाजूला केला. उजवा हात कोपरापर्यंतच होता.

“लिव्ह,” त्या म्हणाल्या. “हो लिव्ह.”

मी ‘हो’पुढे खूण केली. त्यांनीच पुढे विचारलं, “तुले मगर पाह्यासाठी पैसे भेटले म्हनतं. मंग बायाईले पानी भराले चांगला घाट करून द्याले कोनाजवळ पैसे नाहीत काय वं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी कागद पिशवीत घातले आणि दुपारच्या गाडीने परत आले. घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “उद्या परत जाय. पन कागद घरी ठेव.”

मी गेले. त्या दिवशी मावशींनी आपणहून सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हातपंप आटला होता. त्या नदीवर घागर बुडवायला वाकल्या आणि पाण्यातून मगरीने हात धरला. शेजारी धुणं धुणाऱ्या नणंदेने हातातलं धोपाटणं मगरीच्या तोंडावर घातलं, घालतच राहिली, तेव्हा मावशी सुटल्या. हात वाचला नाही.

“थे अजून तिथंच हाये,” त्या म्हणाल्या. “चाल, दाखवतो.”

पलीकडच्या वाळूवर ती पसरली होती. दुर्बिणीतून पाहिलं तर शेपटीच्या टोकाशी एक खाच होती. मावशींना ती खाच नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येई. त्या रोज सकाळ-संध्याकाळ उंच दरडीवर येऊन मगर कुठे आहे ते पाहत. ती दिसली नाही तर त्या घरोघर जाऊन बायकांना सांगत, आज खाली उतरू नका.

“भेव नाही वाटत?” मी विचारलं.

“दिसली नाही का भेव वाटते.”

पुढचे चार महिने माझ्या वहीतल्या निम्म्या नोंदी त्यांच्या होत्या. मगर किती वेळ उन्हात असते, वाळू उपसणारे ट्रॅक्टर आले की कुठे सरकते, हे त्यांच्याइतकं कोणालाच सांगता आलं नसतं. फाल्गुनात तिने वाळूत अंडी घातली, तेही त्यांनीच पाहिलं. गावातल्या काही माणसांना ती जागा हवी होती, अंडी फोडायला. मावशींनी सांगितली नाही. का, ते मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आधी घाट करा म्हना. मंग बोलू.”

मी संस्थेला पत्र लिहिलं. कॅमेऱ्यासाठी ठेवलेले पैसे बायकांच्या पाणी भरायच्या जागेभोवती, मगर आत येऊ नये असं पाण्यातलं कुंपण घालायला वापरू का? नाही म्हणतील असंच वाटलं होतं. परवानगी आली. बाभळीचे खांब गावाने दिले, जाळी मी आणली. नदी सर्वांत उथळ असताना एका सकाळी दहा-बारा माणसं पाण्यात उतरली. त्यांत बाबाही होते, कोणी बोलावलं नसताना. मावशी दरडीवर बसून डाव्या हाताने दुर्बीण धरून मगरीवर नजर ठेवून होत्या. शेवटचा खांब ठोकेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

मृगाच्या तोंडावर एका पहाटे त्यांचा निरोप आला. मी पोचले तेव्हा मगर वाळू उकरत होती. आतून पिलांचा बारीक आवाज येत होता. तिने एकेक पिलू जबड्यात उचललं आणि पाण्यात नेऊन सोडलं. मी दुर्बीण मावशींना दिली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“याच तोंडानं,” त्या म्हणाल्या. त्यांनी दुर्बीण मला परत दिली आणि पदर उजव्या खांद्यावरून खाली ओढून घेतला.

त्या पावसाळ्यात पूर आला. कुंपण गेलं, पिलं किती वाचली ते कळलं नाही. दिवाळीनंतर गावाने ते स्वतःच पुन्हा उभारलं, आणि आता दरवर्षी उभारतं. माझ्या अहवालावर माझ्या नावाखाली मावशींचं नाव आहे. सरांनी त्याला जागा नाही म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

आता मी मोताळ्याला शिकवते. वर्षातून एकदा तरी तिकडे जाते. बायका कुंपणाच्या आत कपडे धुतात, पोरं डुंबतात. मावशी दरडीवर असतात. त्या कुंपणातल्या पाण्यात त्या स्वतः एकदाही उतरलेल्या नाहीत. मीही त्यांना कधी उतरा म्हटलं नाही.