ओट्यावर ठेवलेली सुरी

आमच्याकडे सुरी कुणाच्या हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणतात. ओट्यावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. आज सहा वर्षांच्या लेकीसाठी ठेवली, पण मूठ काही माझ्या हातून सुटेना.

"आई, सोड ना."

सोडली. देणाऱ्याला सोडता यावं म्हणूनच ही रीत पडली असावी.

स्टुलावर उभी राहून, शिकवल्याप्रमाणे बोटं आत वळवून तिनं काकडी धरली. धारदार सुरी मीच निवडली होती. बोथट सुरी घसरते. तरी प्रत्येक कापाला माझीच बोटं आखडत होती. मधेच काकडी घरंगळली आणि माझा हात झपकन पुढे गेला.

तिनं आधी सुरी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मध्ये हात घालू नकोस. तुला लागेल."