दक्षिणेकडचं दार

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिष्यवृत्तीवर जपानमधल्या सेंदाईला आले, वास्तुरचनेत पीएचडी केली आणि तिथल्याच एका छोट्या ऑफिसात लागले. शहराबाहेरच्या टेकडीवरचा वृद्धाश्रम हे माझं पहिलं काम. त्याचे नकाशे गावी आईला पाठवले, तेव्हा तिने ते देवापुढे ठेवले होते.

त्सुनामीत घरं वाहून गेलेली म्हातारी माणसं तात्पुरत्या वस्तीत एकेकटी राहिली आणि काही तशीच एकटी गेली. शेजाऱ्यांनाही लवकर कळलं नाही. त्यामुळे आम्ही काढलेली प्रत्येक रेघ माणसांना एकत्र आणण्यासाठी होती. मधोमध मोठी बैठक, तिच्याकडे उघडणाऱ्या सगळ्या खोल्या, आणि गरम पाण्याचा एकच हौद. त्यात म्हाताऱ्या बायका गळ्यापर्यंत बसून तासन्‌तास गप्पा मारायच्या.

मग कोरोना आला. आम्ही जे जोडलं होतं ते तोडायला मलाच बोलावलं. बैठकीच्या मधून भिंत घातली. दोन्ही बाजूंचे कर्मचारी वेगळे, संडास वेगळे, पंखे वेगळे. हौद कोरडा केला. एका बाजूला आजार शिरला तरी दुसरी बाजू वाचावी, एवढाच हेतू. बाहेरच्या माणसांना बंदी झाली.

त्या बंदीमुळे एक म्हातारे मच्छीमार बाहेर अडकले. आपत्तिग्रस्तांच्या सरकारी इमारतीत ते एकटे राहायचे. रोज दुपारी सायकल ढकलत टेकडी चढायचे आणि आश्रमातल्या बायकोला भरवायचे. तिला स्मृतिभ्रंश होता. दुसऱ्या कोणाच्या हाताने ती तोंडच उघडत नसे.

आता ते बागेत, तिच्या खिडकीबाहेर उभे राहायचे. आत नर्स प्रयत्न करायची. "चमचा नुसता दातांवर आपटतो," ती मला म्हणाली.

"इंदो-सान," म्हातारबुवांनी मला बागेत गाठलं. इंडियाची म्हणून त्यांनी ठेवलेलं हे माझं नाव. "भिंती छान बांधतेस. दारंही बांधता येतात का तुला?"

"येतात."

"मग बांध की. ती मरायच्या आत."

मी त्याच दिवशी नकाशा काढला. तिची खोली दक्षिणेला, बागेलगत होती. खिडकीच्या जागी दार करायचं, हवा बाहेर ओढणारा पंखा बसवायचा. ते बागेतून थेट आत येतील, आतल्या वाटेला पाऊलही लागणार नाही.

पण इथे सभेत एकदम काही मांडत नाहीत. आधी प्रत्येकाकडे वेगळं जायचं, चहा घ्यायचा, समजवायचं. सगळे मनातून तयार झाले की सभा. तिथे फक्त माना डोलवायच्या. ही रीत मी शिकले होते, तशीच फिरले. मुख्य नर्स, डॉक्टर, वॉर्ड ऑफिसातले साहेब, कुटुंबांचे प्रतिनिधी. कोणी नाही म्हणालं नाही. प्रत्येकाने आणखी एक नकाशा मागितला. तिकडे तिला सलाईन लागलं.

शेवटी आश्रमाच्या संचालिका बाई म्हणाल्या, "तुमचं दार चांगलं आहे. पण उत्तरेकडच्या खोल्यांचं काय?"

"तिकडे टेकडीची भिंत आहे. तिथे दार होणार नाही."

"मग एकीलाच कसं देऊ?" त्यांनी नकाशा जवळ ओढला. "त्सुनामीच्या त्या भूकंपानंतर शाळेच्या व्यायामशाळेतला निवारा मी सांभाळत होते. पांघरुणं आली, पण सगळ्यांना पुरणारी नव्हती. आम्ही ती खोक्यातच ठेवली."

"थंडी नव्हती?"

"बर्फ पडत होता."

"कोणी मागितलं नाही?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि माझा नकाशा नीट घडी करून मला परत दिला.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. विमानं बंद होती, मीही तिला फोनवरच भेटत होते. ती म्हणाली, "भिंतीत एक दार पाडायला एवढं शिकावं लागतं का गं? आणि दक्षिणेला? तिकडं कुणी दार करतं का, बाई!" मी हसले, मग रडू आवरेना. तिने फोन ठेवला नाही, नुसती ऐकत राहिली.

दुसरा नकाशा काढला. दक्षिणेच्या कोपऱ्यातली चहाची खोली सगळ्यांसाठी. तिला बागेतून दार, पंखा, पाळीपाळीने भेट. पुन्हा प्रत्येकाकडे फिरणं, पुन्हा चहा. झाडं निष्पर्ण झाली तेव्हा कुठे दार बसलं.

पहिली पाळी म्हातारबुवांना मिळाली. अंगरखा, मास्क, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, हातमोजे. तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. ती लहान मुलीएवढी झाली होती.

"अगं, मी आहे."

"डॉक्टर," ती म्हणाली, "मला घरी जायचंय."

म्हातारबुवा माझ्याकडे वळले. "हे तोंडावरचं काढू?"

नर्सही माझ्याकडे बघू लागली. पंख्याच्या जाळीवर मी कागदाची पट्टी बांधली होती. ती बाहेरच्या दिशेने ताठ उडत होती, म्हणजे सगळं नकाशाप्रमाणे चाललं होतं. त्या खोलीत तिच्यानंतर इतरही येणार होते.

"नाही," मी म्हणाले. "हातमोजे काढा. साबणाने हात धुवा."

धुतलेला हात त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उचलला. दोरांनी कापून कापून घट्टे पडलेली ती बोटं एकेक करून दाबत राहिली. मग तोंड उघडलं. त्यांनी भोपळ्याचा लगदा भरवला. ती किती तरी वेळ घोळवत होती. गिळलं. दुसरा घास. तिसरा.

दाराच्या काचेबाहेर पुढच्या पाळीची बाई येऊन उभी राहिली होती, उत्तरेकडच्या एका आजोबांची मुलगी. तिने दार वाजवलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. मान खाली घालून उभी राहिली. मी नर्सकडे पाहिलं, नर्सने मागे उभ्या असलेल्या संचालिका बाईंकडे.

म्हातारबुवांनीच तिला पाहिलं. चमचा वाटीत ठेवून ते उठले, दार उघडलं, त्या मुलीपुढे कमरेत वाकले आणि उशीर झाल्याची माफी मागून बाहेर पडले.

आत त्यांच्या बायकोचं तोंड उघडंच होतं. नर्सने घाईने चमचा पुढे केला. तिने तोंड मिटलं.