चार बोटं उंच झालेला बेंच

माझ्या प्रोफाइलवरचे लाकूडकामाचे सगळे फोटो खोटे आहेत.

वस्तू खऱ्या आहेत, घरात आहेत. पण प्रत्येक फोटोतून मी माझ्या बायकोला कापून बाहेर काढलंय.

सुनंदाला जाऊन आज वर्ष झालं. श्राद्ध उरकलं, पाहुणे जेवून गेले आणि मी शेडमध्ये येऊन हे लिहायला बसलोय.

तुम्हाला माहीतच आहे, रिटायर झाल्यावर मलकापूरच्या घरामागे पत्र्याची शेड मारली आणि सुतारकामाचं खूळ डोक्यात घेतलं. देवघर, पुस्तकांची मांडणी, नातीचा झोपाळा. काही झालं की फोटो, फोटो झाला की पोस्ट. तुम्ही भरभरून लाइक दिलेत आणि मी फुगत गेलो.

आता खरं सांगतो.

रंधा मारताना फळी हलून चालत नाही, ती घट्ट धरावी लागते. माझ्याकडे धरायला काहीच नव्हतं, म्हणून सुनंदा फळीवर बसायची. अक्षरशः बसायची. बसल्या बसल्या लसूण सोलायची.

पॉलिश पेपर मारून लाकूड गुळगुळीत करायचं कामही तिचंच. माझा धीर दहा मिनिटांत सुटायचा, तिचा नाही.

फोटोत तिचा हात, पदर, काहीतरी यायचंच. मी क्रॉप करायचो. फ्रेम स्वच्छ दिसावी म्हणून, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर आज थोडं बरं वाटलं असतं.

शेवटी तीच म्हणाली, "आवं, मी किती दिस फळीवर बसू? एक चांगलं टेबल करा की कामाचं."

म्हणजे वर्कबेंच.

मेढ्याजवळ तिच्या माहेरी बांधावरचं ऐनाचं झाड वादळात पडलं होतं. भावाला फोन करून तिनेच ते मागून घेतलं. ऐन लय कठीण, खिळा वाकेल पण आत जाणार नाही. सॉ मिलवर फळ्या काढून आणल्या, दीड वर्ष सावलीत वाळवल्या. दर पंधरा दिवसांनी त्या उलटायच्या असतात. कोण उलटत होतं ते सांगायला नको.

मग चार महिने आम्ही दोघं राबलो.

चूक उंचीत झाली.

बेंचची उंची काढायची सोपी रीत आहे. सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मनगट येईल ती उंची. मी माझा हात सोडला. तिचं माप घ्यावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बेंच उभा झाला तेव्हा ती जवळ उभी राहिली आणि हसली. "चार बोटं उंच झालाय. माझा जोर लागत न्हाई."

मी म्हणालो, ऐनाचे पाय आहेत, कापणं सोपं नाही, नंतर बघू. ती आतून पाट घेऊन आली, त्यावर उभी राहिली आणि पेपर मारायला लागली.

दोन दिवसांनी बघतो तर चारही पायांवर, खालून चार बोटं सोडून, पेन्सिलीची रेघ. गुण्या लावून मारलेली, अगदी सरळ. फुरसत झाली की कापा, म्हणाली.

मी काय केलं? फोटोत घाण दिसेल म्हणून त्या रेघा पेपरने घासून काढल्या. आणि फोटो टाकला.

सकाळचे दहा वाजले होते. मी घराच्या पुढच्या सोप्यात फोन घेऊन बसलेलो. कमेंट धडाधड येत होत्या. सांगलीच्या एका मित्राने विचारलं, "एकट्याने केलास?"

तेवढ्यात शेडमधून सुनंदाची हाक आली. "आवं, या की जरा."

मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी धरायला बोलावतेय. आलो, दोन मिनिटं, असं तिथूनच ओरडलो. आणि टाइप केलं, "हो, एकट्यानेच."

पुन्हा हाक आली नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

गेलो तेव्हा ती बेंचच्या पायाला टेकून खाली बसली होती. पाट बाजूला सरकलेला. पॉलिश पेपर अजून मुठीत.

हार्ट अटॅक. "थोडं आधी आणलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. ते वाक्य मी वर्षभर रोज पूर्ण करतोय.

ती कमेंट अजून तिथेच आहे. उत्तर किती वाजता दिलं तेही दिसतं. डिलीट करायचा धीर होत नाही, आणि वाचवतही नाही.

वर्षभर शेडचं कुलूप काढलं नव्हतं. मागच्या आठवड्यात श्राद्धासाठी पाट हवा म्हणून काढलं. पाट उचलायला वाकलो आणि दिसलं. भिंतीकडच्या पायावर एक रेघ राहिली होती. तिथे माझा हात पोचला नव्हता.

करवत घेतली. एकेका पायाला पाऊण तास लागला. धरायला कोणी नव्हतं. मी रडत होतो, कापत होतो, मोठमोठ्याने तिचं नाव घेत होतो. शेजारचे येऊन दारातूनच बघून गेले.

आता रंधा मारायला मला वाकावं लागतं. कंबर धरते. धरू दे.

खाली जुने फोटो टाकतोय, न कापलेले. फोनमध्ये मूळचे होते तसेच राहिले होते. लसूण सोलणारे हात दिसतील, ते नीट बघा. आणि माझं कौतुक करू नका, हात जोडतो.

सुनंदा, बेंच तुझ्या मनगटाला आलाय. आता पाट लागणार नाही.

आज इथे श्रद्धांजली लिहायची असते. माझ्याने लिहवत नाही गं.

एकदा हाक मार. हातातलं टाकून येतो.