ओटोकाकांनी बदललेली पंगत

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठणारी मी बाई. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी हे लिहितेय...

सिडनीत केलीव्हिलला आमच्या शेजारी ओटोकाका राहतात — जर्मनीचे निवृत्त राजदूत, बायको इथली म्हणून इथेच स्थायिक झालेले. उभी हयात देशोदेशी गेली. करिअरबद्दल विचारलं की म्हणतात, "भांडणाऱ्यांना शेजारी बसवलं आणि मध्ये एकच मीठदाणी ठेवली. बस्स."

यंदा गणपतीत आमचं मंडळ फुटायला आलं होतं. आताचे अध्यक्ष जोशी आणि आधीचे पाटील, दोघांत तीन वर्षं अबोला. शुक्रवारी संध्याकाळी महाप्रसाद आणि रविवारी वेगळं होण्याची मीटिंग! या परक्या देशात पहिली माणसं मला याच मंडळाने दिली. जीव तुटत होता नुसता.

शुक्रवारी सकाळी मीच ओटोकाकांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात सोडलं आणि दुपारी हॉलवर पानांपुढे नावाच्या चिठ्ठ्या लावून पंगत मांडली. जोशी एका टोकाला, पाटील दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघरात मसालेभाताचं पातेलं उचलताना सहज बाहेर हॉलमध्ये बघितलं... तर करड्या कोटात ओटोकाका! शांतपणे नावाच्या चिठ्ठ्या बदलत होते. जोशी-पाटील शेजारी, मध्ये लोणच्याची एकच वाटी. ऑपरेशन पुढे ढकललं असेल, असं वाटलं. पातेलं ठेवून येईपर्यंत ते गेले होते, आणि लोक यायला लागले होते.

दोघे तोंड फुगवून बसले. वरणभात संपला. मग पाटील खाकरले.

"जोश्या, लोणचं सरकव."

"अ‍ॅसिडिटीचं काय?"

"तू वाढ रे. माझं मी बघतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले. मोदकांपर्यंत दोघे एकमेकांना आग्रह करत होते. रविवारी ठराव झाला तो नवे ढोल घ्यायचा!

त्या शुक्रवारी रात्रीच आभार मानायला मी ओटोकाकांना फोन लावला होता. नर्सने उचलला. म्हणाली, "ही वॉज इन सर्जरी ऑल आर्व्हो." म्हणजे दुपारभर ऑपरेशनच चाललं होतं! "अजून शुद्धीवर नाहीत."

सोमवारी भेटायला गेले. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "लोणचं कोणी मागितलं?"

"पाटलांनी," मी कसंबसं म्हटलं.

ते इतके हसले की नर्स धावत आली.

नवरा म्हणतो, दमली होतीस, भास झाला. मग वाटी कोणी ठेवली? लोणच्याचं त्यांना कोणी सांगितलं? पण आमचं मंडळ ओटोकाकांनी वाचवलं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.