आपलं म्हणजे कुणाचं

दर शनिवारी सकाळी मी मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या एका शाळेच्या वर्गात आठ-दहा पोरांना मराठी शिकवते. पोटापाण्यासाठी मी फार्मसिस्ट आहे, पण मिजास मास्तरणीची. कुणी ‘मी तुला मदत केलं’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडलीच. मी मराठीत विचारते, मुलं इंग्रजीत उत्तर देतात, आणि असा आमचा सामना दोन तास चालतो. त्यातला माझा लाडका धडा ‘आपण’ आणि ‘आम्ही’चा. “इंग्रजीत बिचाऱ्यांकडे एकच ‘वी’,” मी ऐटीत सांगते, “आपल्याकडे दोन! समोरच्याला बरोबर घेतलं तर आपण, त्याला वगळलं तर आम्ही.” इतकी वर्षं शिकवलेल्या या धड्यात मी स्वतःच्या घरात सपशेल नापास झाले, त्याची ही गोष्ट.

आमची लेक आम्हाला भारतातल्या एका अनाथाश्रमातून मिळाली. संस्था उत्तरेकडच्या एका लहान गावात, हिंदी बोलणाऱ्या मुलखात. अर्ज, मुलाखती, पोलिसांचे दाखले, घराची तपासणी, परत अर्ज, यात आमची किती वर्षं गेली ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. या काळात मी फोनवर दोन देशांतल्या लोकांशी भांडले. नवरा मागून खुणा करायचा, ‘हळू, हळू,’ आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवून आणखी जोरात बोलायचे. एक दिवस ईमेलमध्ये फोटो आला. पाच वर्षांची मुलगी, केस बारीक कापलेले, कॅमेऱ्याकडे संशयानं बघणारी. मी तिथल्या तिथे, फार्मसीच्या काउंटरमागे, रडायला लागले.

आम्ही आधी आमच्या फोटोंचा एक अल्बम पाठवला होता. संस्थेतल्या दीदींनी तो सगळ्या मुलींना दाखवून ‘ही आई, हे बाबा’ असं घोकून घेतलं होतं. आमची टॅक्सी फाटकाशी थांबली आणि आतून मुलींचा गलका आला, “आई आई! आई आई!” माझ्या डोळ्यांना धारा. नवरा कानाशी म्हणाला, “अगं, हिंदीत ‘आई’ म्हणजे ‘आली’. ‘आई आली’ म्हणतायत त्या.” म्हटलं, गप्प बस, दोन्ही मीच आहे.

आमची मात्र ओरडत नव्हती. ती मागे खांबाला टेकून उभी होती, हातात स्टीलचा ग्लास. ग्लासावर खिळ्यानं कोरलेली एक फुली, म्हणजे हा हिचा. तिनं हात जोडले आणि म्हणाली, “नमस्ते आई.” कुणी ‘नमस्ते मॅडम’ म्हणतं ना, अगदी त्याच सुरात.

तो ग्लास आमच्याबरोबर मेलबर्नला आला. विमानात तिनं तो मांडीवरून हलू दिला नाही. घरी आल्यावर एकदा मी तो डिशवॉशरमध्ये लावला तर असा आकांत केला की मला मशीन अर्ध्यात थांबवावं लागलं. तेव्हापासून त्याला हात लावायचा नाही हे आम्ही शिकलो. तो ती स्वतः विसळायची आणि पुसून खोलीत न्यायची.

दर काही आठवड्यांनी आमच्याकडे सोशल वर्कर बाई यायच्या. गोड बाई, बोलणं हळू, वही मोठी. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की सुरुवातीचे काही महिने मुलीशी तिच्या भाषेत बोला. मी मान डोलावली आणि केलं मात्र माझ्याच मनाचं. एक तर माझं हिंदी म्हणजे आनंदीआनंद. पुण्यात असताना माझं हिंदी ऐकून परप्रांतीय भाजीवाले आपणहून मराठी बोलायला लागायचे. आणि दुसरं, खरं कारण म्हणजे मला घाई झाली होती. तिनं माझ्या भाषेत मला आई म्हणावं, आजीशी फोनवर मराठीत बोलावं, आमच्या घरातली होऊन जावं, आणि ते सगळं लवकर व्हावं.

“थोडं हिंदी बोल ना तिच्याशी,” नवरा म्हणाला.

“काही नको. मुलं भाषा भराभर उचलतात.”

“ती पाच वर्षांची आहे गं, तुझी विद्यार्थिनी नाहीये.”

यावर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. पण घरात मराठीच राहिली.

आणि मुलगी खरंच भराभर उचलत होती! पोळी, वरण, चप्पल, दार लाव, थंडी वाजते. फक्त एक गोष्ट जाईना. प्रत्येक गोष्टीला परवानगी. “पाणी ले लूँ?” “केळं ले लूँ?” बाथरूमला जायचं तरी दाराशी उभी राहून विचारणार. मी दिवसातून शंभरदा सांगायचे, “अगं, विचारतेस काय? आपलंच घर आहे!” आपली गाडी, आपली बाग, आपला टीव्ही, आपला फ्रीज. माझी टकळी चालूच.

एका सकाळी खिडकीतून बोट दाखवून ती म्हणाली, “आपली गाडी ओली झाली.”

आपली! मी हातातलं उलथणं तसंच टाकलं. नवऱ्याला हाक मारली, पुण्याला आईला फोन केला, शनिवारी वर्गात सांगितलं, सोशल वर्कर बाईंना तर दोन ‘वी’चं सगळं व्याकरण समजावून दिलं. त्यांनी कौतुकानं वहीत लिहून घेतलं. त्यानंतर तिच्या तोंडी सतत तेच. आपला सोफा, आपली कॉट, आपली बाहुली. स्वतःच्या बाहुलीलासुद्धा ‘माझी’ म्हणायची नाही. “बघ, किती मोठं मन आहे,” मी नवऱ्याला म्हणाले. “संस्थेत सगळं वाटून घ्यायची सवय ना.” कर्म माझं, काय काय बोलले मी तेव्हा!

तेवढ्यात टार्निटच्या आमच्या नव्या घराचा ताबा मिळाला. आतापर्यंत आम्ही भाड्यानं राहत होतो. किल्ली हातात घेऊन मी तिच्यासमोर नाचलेच. “आपण नव्या घरी जाणार! पुढच्या महिन्यात आपण टार्निटला जाणार!”

तिनं किल्लीला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, “छान.”

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. ताटात भात चिवडत बसायची. आणि एकदम विलक्षण शहाण्यासारखी वागायला लागली. न सांगता अंथरुणाची घडी, न सांगता ताट धुऊन ठेवलेलं, हट्ट नाही, रडणं नाही. मी हाक मारली की धावत येऊन हात जोडून उभी. मला भीती वाटायला लागली. खोकला नाही, ताप नाही, जीपी डॉक्टरनं तपासून सगळं ठीक सांगितलं. सोशल वर्कर बाई म्हणाल्या, घर बदलणं मुलांना जड जातं, धीर धरा. धीर! एवढ्या वर्षांत मी दुसरं काय केलं होतं? शिफ्टला ट्रेनने जाताना एकच विचार डोकं पोखरायचा, की हिला आम्ही नकोच असू. आम्ही तिला उचलून जगाच्या दुसऱ्या टोकाला आणलं, पण ती काही आमची होत नाहीये. हे मी नवऱ्यालाही बोलले नाही.

मग तो पॅकिंगचा शनिवार. दुपारची वेळ, हॉलभर खोकी, नवरा चिकटपट्टीशी झटापट करतोय. मी तिला म्हटलं, तुझं सामान तू भर. थोड्या वेळानं बघते तर तिनं दोन ढीग केलेले. मोठ्या ढिगात बाहुली, रजई, गमबूट, शाळेची बॅग, आम्ही घेतलेलं हिवाळ्याचं जाकीट. आणि दाराजवळ, कार्पेटच्या कडेला, दुसरा ढीग. ढीग कसला, तीन वस्तू. येताना अंगात होता तो फ्रॉक, आता लहान झालेल्या चपला, आणि तो ग्लास.

“हे काय गं?”

तिनं मोठ्या ढिगाकडे बोट केलं. “हे आपलं. ट्रकमध्ये.” मग दाराकडे. “हे माझं.”

“अगं वेडे, सगळं आपलंच आहे ना?”

“हो,” तिनं समजुतीनं मान हलवली. “सगळं आपलं. हे एवढंच माझं.” मग खाली बघत हळूच विचारलं, “आप लोग जाओगे, तो मुझे लेने कौन आएगा? दीदी?”

चिकटपट्टीचा आवाज थांबला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आप! संस्थेत तिला शिकवलेलं, मोठ्या माणसांना ‘आप’ म्हणायचं; तिला स्वतःला कुणी कधी ‘आप’ म्हटलेलं नाही, म्हणून तो शब्द कुणाच्याही तोंडी आला तरी तिच्या लेखी मोठ्यांचाच. आपलं म्हणजे आपका. आपली गाडी म्हणजे तुमची गाडी. ‘विचारतेस काय, आपलंच घर आहे’ म्हणजे घर आमचं आहे, हे तिला मी दिवसातून शंभरदा बजावत होते. आणि ‘आपण टार्निटला जाणार’ म्हणजे मोठी माणसं जाणार, ती नाही. ते ऐकून हे लेकरू तीन आठवडे घडी घालत होतं, ताट धूत होतं, की शहाण्यासारखं वागलं तर कदाचित बरोबर नेतील. त्यात तिची चूक तरी म्हणायची का? मराठीतसुद्धा आदरानं समोरच्याला ‘आपण’ म्हणतातच की. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते!

मी त्या खोक्यांच्या मधोमध फतकल मारून बसले आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. मराठीचा सगळा ताठा गेला खड्ड्यात. “नही बेटा, नही! आपण मतलब आप नही! आपण मतलब हम. सब लोग. मैं, बाबा और तू.”

ती अंग आखडून बसली होती. “मैं भी?”

“तू पैली! तेरे बिना कायको जायेगा हम?”

तिनं मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“जायेगा नहीं,” ती म्हणाली. “जाएँगे.”

नवरा एवढ्या जोरात हसला की खोक्यावरची कात्री खाली पडली. मी हसत होते की रडत होते देव जाणे. “जाएँगे,” मी म्हणाले. “हम जाएँगे.” तिनं दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. मग दाराकडे बोट करून विचारलं, “ग्लास भी?” म्हटलं, ग्लास भी, चप्पल भी, फ्रॉक भी. त्या दिवशी तिनं मागून घेऊन दोनदा वरणभात खाल्ला.

पुढच्या भेटीत मी सोशल वर्कर बाईंसमोर सगळा गुन्हा कबूल केला. त्या ‘नो वरीज’ म्हणाल्या, पण वहीत मात्र लिहून घेतलं. घरात आता हिंदी सुरू झालं. ती माझं हिंदी सुधारायची, मी तिचं मराठी. ‘आपण’ शिकवायचं म्हणजे तिघांनी एकमेकांना घट्ट धरायचं आणि ओरडायचं, असा आमचा खेळ होता. खेळात ती ओरडायची. एरवी मात्र तो शब्द तिनं टाकूनच दिला होता. ‘आपलं’ नाही, ‘तुमचं’ही नाही. नुसतंच ‘गाडी आली’, ‘घर मोठं आहे’. एकदा पोळलेली ना! मी कान देऊन वाट बघत होते आणि तसं न दाखवायची पराकाष्ठा करत होते.

टार्निटला राहायला जाऊन दोन महिने झाले असतील. बागेत अजून गवत नव्हतं, वारा नुसता सुसाट. शनिवारच्या वर्गात माझ्याबरोबर शिकवणारी मैत्रीण रविवारी घर बघायला आली. आमच्या बाईसाहेबांनी तिला हात धरून सगळं घर दाखवलं. दाखवून झाल्यावर मैत्रीण किचनमध्ये आली, “दमवलं गं तुझ्या पोरीनं,” म्हणाली आणि ओट्यावर पालथा घातलेला पहिला ग्लास पाण्यासाठी उचलला. स्टीलचा. फुलीवाला. तो असा ओट्यावर, सगळ्या भांड्यांत, कधीपासून राहायला लागला होता हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता रडारड होणार म्हणून मी पुढे धावले.

पण लेक कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, “मावशी, तो नको घेऊ. पाहुण्यांचे ग्लास वरती आहेत. तो आमचा आहे.”

आणि मी, जात्याच मास्तरीण, माझ्या तोंडून गेलंच, “‘आमचा’ नाही गं, ‘आप...’”

“अहो बाई, गप्प बसा!” मैत्रीण ओरडली. “पैकीच्या पैकी आहे ते! माझ्याशी बोलतेय ती. मी पाहुणी आहे.”

आमचा. मावशीला वगळून. मला, बाबाला आणि स्वतःला धरून. मी अशी काही किंचाळले की नवरा बागेतून फावडं घेऊनच आत आला. मी जिंकले होते! त्या सगळ्या फायलींना, त्या वर्षांना, माझ्या स्वतःच्या मूर्खपणाला पुरून उरले होते. नवऱ्याला काय झालं ते सांगायचं होतं, पण मी नुसती ग्लासाकडे बोट दाखवत राहिले. मैत्रिणीनंच सांगितलं, तर तोही फावडं धरून वेड्यासारखा उभा.

एवढा गोंधळ कशाचा ते आमच्या लेकीला काही कळलं नाही. तिनं स्टुलावर चढून वरचा काचेचा ग्लास काढला. मग कुणालाही न विचारता फ्रीज उघडला, बाटली काढली, मावशीला पाणी दिलं. उरलेलं पाणी फुलीवाल्या ग्लासात ओतून त्यातलं अर्धं प्यायली आणि ग्लास माझ्यापुढे धरला. मी ते गटागट पिऊन टाकलं.