तो पहारा कोणाचा होता

कंदावू बेटावर उनाइसीइतकी घट्ट विणीची चटई कोणी विणत नसे, आणि तिच्याइतका घट्ट राग कोणी धरत नसे. वादळाच्या साली जावेने न विचारता तिचे चार नीरफणस नेले होते. तेवीस वर्षांनी ती जाऊ गेली, तेव्हा तिला माती देताना रडता रडताही उनाइसीने त्या फणसांची आठवण काढली.

बाई वाईट नव्हती. कोणी आजारी पडलं की पहिलं कालवण तिच्याकडून जायचं, रविवारी चर्चची घंटा व्हायच्या आत ती बाकावर असायची. नवरा समुद्राने नेला. एकुलता मुलगा वाइसाले तिने चटया विणून वाढवला. तो शांतिसेनेतून लेबनानला गेला आणि बंद पेटीतून परत आला. पहाऱ्याच्या चौकीवर तोफगोळा पडला होता.

चार वर्षांनी गावाने चर्चशेजारी त्याच्या नावाचा दगड उभा केला. त्यावरचं कापड ओढायला बोलावलं ते त्याच्याच कॅप्टनला, खाडीपलीकडच्या इलाइसाला. तो आता निवृत्त होऊन प्रवचनं करायचा. रिवाजाप्रमाणे आदल्या दिवशी सकाळी तो बायकोला घेऊन, देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला आला. दाराशी उघड्या जमिनीवर मान खाली घालून बसला. दात घेतला की माफी झाली, मग तो विषय पुन्हा कोणी काढायचा नाही.

गावाच्या वतीने दात घ्यायला उनाइसीचे धाकटे दीर सेरू बसले होते. पण हात पुढे करण्याआधी त्यांनी वहिनीकडे पाहिलं.

उनाइसीच्या बायबलमध्ये मुलाचं शेवटचं पत्र होतं. ‘आई, आज सलग तिसरा पहारा. पाळी माझी नाही, पण साहेबांच्या भाच्याचं पोट दुखतंय.’ ते तिने कोणालाच दाखवलं नव्हतं. कागदावर होतं ते तिला त्या माणसाच्या तोंडून हवं होतं, चारचौघांत.

“आमच्या हातून जे काही कमी-जास्त झालं असेल...” इलाइसाने सुरुवात केली.

“कमी काय झालं आणि जास्त काय झालं?” उनाइसी म्हणाली.

सेरू खाकरले. “वहिनी, पाहुणे आहेत.”

“पाहुणा चटईवर बसतो, भावजी. हा जमिनीवर बसलाय.”

कोपऱ्यातून तिचा मेहुणा पेनी बोलला, “काय ते लवकर कर गं बाई. साहेबांची पाठ सरकारी आहे, तिला इतकं वाकायची सवय नाही.” जमलेल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. उनाइसी हसली नाही.

“दात चांगला मोठा आणलाय. बारक्या चुकीला एवढा कोणी आणत नाही. केलं काय, ते सांगू दे की.”

“चौकीवर गोळा पडला, आई. लढाईत कोणाच्या हातात...”

“आई म्हणणारा पेटीतून आला. पहारा कोणाचा होता?”

इलाइसाच्या बायकोने मान वर केली. “सांगा ना. वाइसालेचाच होता ना? मला तर तुम्ही तसंच सांगितलंत.”

“तुझ्या बहिणीच्या मुलाचा होता,” तिच्याकडे न बघता तो म्हणाला. “त्याला मी स्वयंपाकघरात ठेवला. वाइसाले दोन पहारे करून आला होता, त्यालाच परत पाठवला.”

बायको उठली आणि त्याच्यापासून लांब, गावच्या बायकांत जाऊन बसली. ते उनाइसीने डोळे भरून पाहून घेतलं.

“घ्या भावजी दात,” ती म्हणाली. “गावाची माफी गावाने द्यावी, गावाचं मन मोठं असतं. माझी कोणी मागू नये. आणि इलाइसा, उद्या कापड तू ओढायचं नाहीस. मागे उभा राहा. दर वर्षी त्या दिवशी यायचं आणि तिथेच उभं राहायचं.”

दुसऱ्या दिवशी कापड तिनेच ओढलं. प्रार्थनेत ‘जशी आम्ही क्षमा केली’ हे शब्द आले, तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. देवापुढे खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

जेवणाकडे जाताना पेनीने विचारलं, “मन हलकं झालं का गं?”

“नाही,” उनाइसी म्हणाली. “पण त्याचं जड झालं.”