शिसवावरचा लाल दोरा

फोन आला तेव्हा मी लोणंदला माहेरी होते. आईबरोबर अंगणात कांदे निवडत बसले होते. फोन आत वाजत होता आणि मी उठत नव्हते. आई म्हणाली, "घे की गं, मघापासनं वाजतोय." पण गेले काही महिने फोन वाजला की, उचलेपर्यंत तरी काही झालेलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत काढायचे. शेवटी उचलला. पलीकडे आमचे हे होते. "आण्णा गेलं गं," एवढंच म्हणाले... मी विचारलं, "शेडमध्येच का?" ते म्हणाले, "व्हय."

मामंजींना, म्हणजे ह्यांच्या आण्णांना, माझ्या सासऱ्यांना, जाऊन आता महिना उलटून गेला. आष्ट्यात सगळे त्यांना भगवान बासरीवाले म्हणत. मूळचं घराणं पूर्वेच्या कोरड्या भागातलं, मेंढरं राखणारं. वडिलांच्या हातातला बांबूचा पावा ऐकत ते मोठे झाले, पण स्वतः बासऱ्या केल्या त्या लाकडाच्या, शिसवाच्या. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बांबूला भोक देवानंच पाडून दिलंय. त्यात माजं काय?" लांब गिरमिटाने लाकूड आरपार कोरायचं, घासून घासून गुळगुळीत करायचं, तिळाचं तेल पाजायचं. झालं. नक्षी नाही, पितळी कडं नाही, गोंडा नाही. शिसवाच्या रेषा तेवढ्या अंगावरून सरळ वाहत गेलेल्या.

आणि त्यांच्या घरात मी पडले ब्लाउज शिवणारी. माझं दुकान पुढच्या खोलीत, त्यांची बासऱ्यांची शेड मागे. माझ्याकडे लेस, लटकन, मणी, आरसे, रेशमाची रिळं. आमचा वाद लग्नानंतर लगेचच सुरू झाला. मी म्हणायचे, "आवं मामंजी, एवढी काळी कुळकुळीत बासरी. एक लाल दोरा गुंडाळा की, गिऱ्हाईक लांबनं ओळखंल." ते माझ्या टेबलावरचं एखादं लटकन उचलून कानाजवळ हलवून बघायचे. "वाजतंय का हे? न्हाई वाजत. मग कशाला बांदू?" सांगलीहून बासरी शिकणारी मुलं यायची, त्यांनाही दोरा हवा असायचा. त्यांना उत्तर ठरलेलं होतं, "दोऱ्याखाली काय हाय ते तुला दिसणार न्हाई. मला उघडं काम आवडतं."

हे मला मनातून पटायचं, पण कबूल कोण करणार? आम्हा शिवणाऱ्या बायकांची एक युक्ती असते. कात्री जरा तिरकी गेली, गळा वाकडा झाला, की तिथे लेस लावायची. गिऱ्हाईक आरशात बघून खूश होतं आणि आपण सुटतो. लेस कुठे शोभेची आणि कुठे चूक झाकायची, हे लावणारीलाच ठाऊक.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मामंजी दुकानात आले आणि लाल रेशमाचं रीळ मागितलं. मी हसून म्हणाले, "हारलासा का शेवटी?" "हारलो," म्हणाले. संध्याकाळी खुंटीवर नवी बासरी दिसली. फुंकायच्या भोकाखाली दोन बोटं रुंद लाल पट्टा, अगदी नीट गुंडाळलेला. हे लगेच म्हणाले, "आण्णा, लय भारी दिसतंय." दुकानातल्या बायकांनीही कौतुक केलं. इतक्या वर्षांनी मी जिंकले होते. पण मला तो पट्टा दिसतच नव्हता, वाकड्या गळ्यावरची लेस दिसत होती.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. कप त्यांनी उचललाच नाही, खालीच राहू देऊन वाकून घोट घेतला. मी सरळ विचारलं, "मामंजी, दोऱ्याखाली काय हाय?" त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "कानस घसरली. उजवा हात अदनंमदनं माजा ऱ्हात न्हाई..." आणि लगेच, "पोराला सांगू नगंस." मी ह्यांना सांगितलं. त्याच आठवड्यात मामंजींना सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे जाणाऱ्या नसेत अडथळा आहे, गोळ्या चुकवू नका, मोठा झटका कधीही येऊ शकतो. तो "कधीही" मी घरी घेऊन आले.

त्यानंतर माझा एक कान कायम शेडकडे. शिवता शिवता काचपेपरचा खरखर आवाज ऐकायचा. तो थांबला की माझा पाय मशीनवर थांबायचा. पाणी पीत असतील, लाकूड बदलत असतील, असं मनाशी म्हणायचं, आणि तरी हातातलं टाकून मागे धावायचं. दारात पोचेपर्यंत डोळ्यांपुढे नाही नाही ते. मामंजी मात्र मान वर न करता म्हणायचे, "हाय अजून. शिव तू." मला रागच यायचा. मी इथे घाबरून अर्धी झालेली आणि मामंजींना थट्टा सुचते. एकदा म्हणाले, "ब्लाउजला बाह्या तरी दोन लावतीस का? ध्यान सगळं हिकडं." खुंट्यांवर लाल पट्ट्यांच्या बासऱ्या वाढत होत्या आणि पट्टे रुंद होत चालले होते. मी तिकडे बघायचं टाळायला लागले. लोणंदला जायलाही मी नकोच म्हणत होते. त्यांनीच पाठवलं. "जा, आईला बघून ये. मी काय पळून जातूय?"

दिवसकार्य आटोपल्यावर शेड झाडायला गेले. फळीवर त्यांची शेवटची बासरी होती, तेल पाजून झालेली, पट्टा चांगला चार बोटं रुंद. आत केवढी चूक असेल, या भीतीने कितीतरी दिवस मी तिला हात लावला नाही. त्यांच्या हातचं शेवटचं काम बिघडलेलं बघायचं माझ्यात बळ नव्हतं. परवा शेवटी छोट्या कात्रीने गाठ कापली आणि दोरा सोडवत गेले. बासरी खिडकीच्या उजेडाला धरली, नख फिरवलं... खाली काहीच नव्हतं. ओरखडा नाही, खाच नाही. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या.

हात चुकला नव्हता, तरी त्यांनी दोरा बांधला होता. आपल्या बोटांवर, आपल्या डोळ्यांवर त्यांचा भरवसाच उरला नव्हता. "हाय अजून" म्हणणारा माणूस तिथे शेडमध्ये माझ्याइतकाच घाबरलेला होता. मी दारापर्यंत धावत जायचे, आणि स्वतःची भीती त्यांनी माझ्याच रेशमाने झाकून ठेवली होती.

ती बासरी आता माझ्या मशीनसमोर खिळ्याला टांगली आहे, उघडीच, त्यांना आवडायची तशी. शिवताना अजूनही मध्येच पाय थांबतो, कान मागे जातो. शेड गप्प असते. मग मी बासरीकडे बघून हळूच म्हणते, "मामंजी, चुकलं न्हाई. कायबी चुकलं न्हाई." आणि पुढची शिलाई घालते.